कॉमन रस्ता खोदला, पेव्हर खचले, आता पैसे कोणी भरायचे?

ह्या वेळचं पत्र कर्वेनगरहून आलंय, थोडं लहान करून देतोय.

"नमस्कार दादा, मेन रोडपासून आत आमचा बोळ येतो, साधारण १२ फूट रुंद आणि ९० फूट लांब, त्यावर आम्ही चार बंगले. रस्ता चौघांचा कॉमन, पेव्हर ब्लॉक ६ वर्षांपूर्वी आम्हीच वर्गणी काढून बसवले. फेब्रुवारीत एका इंटरनेट कंपनीच्या काँट्रॅक्टरने अख्खा बोळ उभा खोदला, दीडएक फूट रुंद आणि तीन फूट खोल, मागच्या बिल्डिंगला फायबर न्यायची होती म्हणे. विचारलं तर एनओसी आहे म्हणाले, ती तोंडाशी राहणाऱ्या काकांनी एकट्यांनी सही करून दिलेली. चार दिवसांत माती लोटून, ब्लॉक परत लावून गेले. जुलैत पाऊस लागला आणि लांबच्या लांब चर पडला, आमच्या गेटसमोर घोट्याएवढं पाणी साचतं, सासूबाई तिथेच घसरल्या, मनगट फ्रॅक्चर झालं. काँट्रॅक्टर फोन उचलत नाही. काका म्हणतात झालं गेलं, चौघं पैसे काढू आणि ट्रिमिक्स, म्हणजे मशीनने पाणी शोषून केलेलं काँक्रीट, करून टाकू. मिस्टर म्हणतात सही काकांची, खर्चही काकांचाच. त्यात दिवाळीनंतर गॅसवाले येणार आहेत, परत तोच रस्ता खोदायला. त्यांना नाही म्हणावं का? आणि ह्या खर्चाचं काय करायचं?"

ताई, आधी सासूबाईंचं. प्लास्टर एव्हाना निघालं असेल, पण एक्स-रे, डॉक्टरांचे कागद, औषधांची आणि फिजिओची बिलं सगळं एका फाइलीत लावून ठेवा, पैसे मागायचे की नाही ते नंतर ठरवा पण कागद आत्ता गोळा करा, वर्षभराने ते सापडत नाहीत हा माझा कायमचा अनुभव आहे. आणि गेटसमोरचा तो खड्डा आजच्या आज तात्पुरता का होईना भरून घ्या. भरायच्या आधी फोटो काढा, शेजारी टेप धरून खोली दिसेल असे, मग दोन-चार घमेली खडी आणि क्रशसँड टाकून ठोकून घ्या. भांडण पुढे चालू राहील, त्यासाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं दुसरं मनगट पणाला लावायचं नाही.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी थोडक्यात सांगतो आणि मग कारणं. खर्च कंपनीचा, काकांचा नाही आणि तुमचाही नाही. ट्रिमिक्स आत्ता अजिबात करू नका. गॅसला नाही म्हणू नका, पण ह्या वेळी कुदळ लागायच्या आधी कागद झाला पाहिजे आणि त्यावर चौघांच्या सह्या पाहिजेत.

रस्ता का खचला ते नीट समजून घ्या, कारण कंपनीचा माणूस आला की तो हमखास म्हणणार की गाड्या जातात म्हणून बसला, पाऊस जास्त झाला म्हणून बसला. तुमच्या बोळातून गाड्या ६ वर्षं जातच होत्या, पाऊसही दर वर्षी पडत होता. बदललं काय, तर फेब्रुवारीत जमिनीला एक चर मारला गेला. हिशोब करू, दीड फूट रुंद, तीन फूट खोल, ९० फूट लांब म्हणजे ४०५ घनफूट, १०० घनफुटांचा एक ब्रास धरला तर चार ब्रासच्या वर भरणं. एवढं भरणं सहा-सहा इंचाच्या थरांत टाकायला लागतं, प्रत्येक थराला थोडं पाणी मारून धुम्मस, म्हणजे हाताने ठोकायचं जड अवजार, मारायला नाहीतर प्लेट कॉम्पॅक्टर हे दाबायचं मशीन फिरवायला लागतं, तो थर बसला की पुढचा. तुमच्याकडे काय झालं असेल ते मी न बघता सांगतो, निघालेलीच माती जेसीबीच्या बकेटने एका दमात आत लोटली, वरनं जेसीबीचं चाक फिरवलं आणि ब्लॉक लावले. वरचे सहा-आठ इंच दबतात, खाली सगळं पोकळ. उन्हाळाभर कळत नाही. पहिल्या मोठ्या पावसात पाणी ब्लॉकच्या सांध्यांतून उतरतं, खालची ढेकळं विरघळतात आणि सगळं खाली बसतं.

आणि पुण्यात बऱ्याच भागात खाली काळी माती लागते हे विसरू नका. ती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते, उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात ना, तीच. ती खोदून परत त्याच चरात भरायची नसते, तिथे मुरूम आणायला लागतो. काही जण चरात पाणी सोडून भरणं बसवतात, वाळू किंवा जाड मुरूम असेल तर त्याने थोडंफार बसतंही, पण काळ्या मातीत पाणी सोडलं की नुसता चिखल होतो, महिनोन्‌महिने तो वाळत नाही आणि गाडीचं चाक गेलं की दबतो. म्हणून कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न हा, की मुरूम किती ब्रास आणला आणि त्याची चलनं, म्हणजे माल आल्याच्या पावत्या, दाखवा. चार ब्रासचा चर भरायला सैल मुरूम त्याहून जास्तच लागतो. बहुतेक वेळा चलन नसतंच, कारण मुरूम आणलेलाच नसतो.

तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर एक सोपं काम करा. चरावरचे चार ब्लॉक काढा, खालची कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, बाजूला करा आणि पहार उभी धरून हाताने दाबा. नीट ठोकलेल्या मुरमात पहार सहज जात नाही, घण मारायला लागतो. हाताच्या जोराने फूटभर आत गेली तर खाली काय आहे ते सगळ्यांना कळेल. ह्याचा व्हिडिओ काढा, शेजारच्या न खोदलेल्या जागेतही तसंच करून दाखवा म्हणजे फरक दिसेल. हा एक मिनिटाचा व्हिडिओ पुढे दहा पानी पत्रापेक्षा जास्त कामाला येईल.

अजून एक गोष्ट तपासा आणि ही खरंच महत्त्वाची आहे. चर पावसात बसला ते ठीक, पण पाऊस थांबल्यावरही तो बसतच चाललाय का? तसं असेल तर खाली कुठेतरी पाणी वाहत असण्याची शक्यता आहे. खोदताना ब्रेकरने नाहीतर जेसीबीच्या दाताने जुनी पाण्याची लाइन दुखावली असेल, किंवा ड्रेनेजचा पाइप सांध्यातून हलला असेल, आणि ते पाणी रोज थोडी थोडी माती घेऊन जात असेल. आपल्याकडे नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येतं, त्याचा इथे फायदा करून घ्या. पाणी सुटायच्या आधी चराजवळ जाऊन बघा, मग पाणी सुटल्यावर अर्ध्या तासाने परत बघा. कोरड्या जागी ओल आली, नाहीतर तुमच्या नळाचं प्रेशर फेब्रुवारीच्या आधीपेक्षा कमी झालंय असं चौघांपैकी कोणाला जाणवत असेल, तर आधी प्लंबर बोलवा. गळती तशीच ठेवून वरनं कितीही चांगलं काम केलं तरी पुढच्या वर्षी परत हेच पत्र लिहायला लागेल.

आता रस्ता कोणाचा. तुम्ही लिहिलंय चौघांचा कॉमन, पण हे कशावरून ते कागदावर बघितलंय का कधी? जुन्या लेआउटमध्ये तीन-चार प्रकार असतात. कुठे रस्ता सोसायटीच्या नावावर असतो, कुठे प्रत्येक प्लॉट रस्त्याच्या मध्यापर्यंत असतो आणि चौघांनी एकमेकांना जायला-यायला वाट दिलेली असते, कुठे रस्ता अजून मूळ जमीनमालकाच्याच नावावर असतो आणि बाकीच्यांना फक्त वहिवाटीचा हक्क असतो, आणि कुठे तो कधीतरी महापालिकेकडे गेलेला असतो आणि कोणालाच माहीत नसतं. सिटी सर्व्हे ऑफिसमधून प्रॉपर्टी कार्ड काढा, चौघांची खरेदीखतं आणि मंजूर लेआउटचा नकाशा टेबलावर ठेवा. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते, तिथे रस्त्याचा उल्लेख कसा केलाय ते शब्द नीट वाचा, सामाईक रस्ता आहे का वहिवाटीचा आहे. हे काम कंटाळवाणं आहे पण ह्यावर पुढचं सगळं उभं आहे, कारण कंपनी उद्या म्हणेल की आम्ही तर महापालिकेची परवानगी घेतलीये.

ती घेतलीये का हेही तपासता येतं. वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयात आणि पथ विभागाकडे माहिती अधिकारात एक अर्ज टाका, फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. विचारायचं एवढंच, की अमुक तारखांना अमुक रस्त्यावर खोदाईची परवानगी कोणाला दिली, किती मीटरची, आणि सोबतचा नकाशा द्या. मुख्य शक्यता दोन आहेत. परवानगी फक्त मेन रोडपुरती असेल तर तुमच्या बोळात ते महापालिकेच्या नावावर शिरू शकत नाहीत. आणि परवानगीत तुमचा बोळही महापालिकेचा रस्ता म्हणून दाखवला असेल तर ते चुकीचं कसं झालं हे तुम्ही प्रॉपर्टी कार्ड दाखवून लेखी विचारू शकता. रस्ता कागदावर तुमचा निघाला तर दोन्हीकडे तुमची बाजू भक्कम होते.

कायदा काय म्हणतो ते थोडं सांगतो, जास्त नाही. खासगी जागेतून टेलिकॉमची लाइन न्यायची तर २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टप्रमाणे कंपनीने मालकाकडे अर्ज करायचा असतो आणि दोघांच्यात करार व्हायचा असतो, त्याचे राइट ऑफ वेचे, म्हणजे जागेतून लाइन न्यायच्या हक्काचे, नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. जागेचं नुकसान झालं तर ती पूर्ववत करायची नाहीतर भरपाई द्यायची ही कंपनीची जबाबदारी आहे. हे काही नवीन नाही, १८८५ च्या जुन्या टेलिग्राफ कायद्यातसुद्धा कमीत कमी नुकसान करा आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्या असं लिहिलेलंच होतं. विजेच्या लाइनलाही हेच, २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६७ मध्ये पूर्ण भरपाई आहे, तिथे तर कंपनीने कामाला लावलेल्या माणसाने केलेलं नुकसानही धरलंय. म्हणजे "काँट्रॅक्टरने केलं, आमचा संबंध नाही" हे कुठल्याही कंपनीच्या तोंडून ऐकून घेऊ नका. काँट्रॅक्टरच्या मागे लागणं आजच सोडा, तो दुसऱ्या साइटवर गेलाय आणि त्याच्या वर अजून एक काँट्रॅक्टर असेल, त्याच्या वर अजून एक. पत्र थेट कंपनीला जायला पाहिजे.

काकांचं सांगतो, आणि हे मिस्टरांना वाचून दाखवा. काकांनी सही करायला नको होती हे खरं, चौघांच्या रस्त्याची संमती एकाच्या सहीने होत नाही. पण ह्याचाच दुसरा अर्थ लक्षात घ्या, की एकट्याची सही बाकी तिघांना बांधत नाही म्हणून कंपनीचीच बाजू लंगडी आहे. तुम्ही काकांशी भांडलात तर ते स्वतःला वाचवायला म्हणतील की मी सगळ्यांना विचारून सही केली होती, आणि मग कंपनी मोकळी. काका तुमच्या बाजूने उभे राहिले आणि लिहून दिलं की मला वाटलं माझ्या घरासमोरच्या कनेक्शनपुरतं आहे, अख्खा बोळ खोदणार आणि मागच्या बिल्डिंगला लाइन नेणार हे मला सांगितलंच नव्हतं, जर खरंच तसं असेल तर, त्या एका कागदाने चित्र बदलतं. दुपारी उन्हात दोन माणसं आयकार्ड लावून दारात येतात, म्हणतात काका छोटंसं काम आहे, इथे सही करा. वयस्कर माणूस करतो सही. मी स्वतः आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी असताना अशी एक एनओसी कसलीही अट न घालता दिली होती, आमचा आतला रस्ता तीन वर्षं खचलेला राहिला आणि शेवटी मेंबरांच्या पैशाने दुरुस्त झाला, तेव्हाची मीटिंग मला अजून आठवते. म्हणून सांगतो, काकांकडे जा, चहा घ्या, त्या एनओसीची झेरॉक्स मागा. त्यांच्याकडे नसेल तर कंपनीकडे मागा. त्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कोणीच काही बोलू नका.

कंपनीला पाठवायचं पत्र लहान लिहा. एक पान पुरे. तारखा, लांबी-रुंदी-खोली, आधीची स्थिती, आत्ताची स्थिती, सासूबाईंचा अपघात, आणि मागणी. मागणी म्हणजे "रस्ता दुरुस्त करून द्या" असं मोघम लिहू नका, कारण मग दोन माणसं येतील, खचलेले ब्लॉक उचलतील, खाली दोन इंच कच टाकतील, ब्लॉक परत लावून फोटो काढतील आणि तक्रार बंद. तुम्ही लिहा की चर पूर्ण खोलीपर्यंत उघडून, केबलभोवती वाळू घालून, मुरूम थराथराने ठोकून, खडीचा थर देऊन मग ब्लॉक बसवायचे. सोबत दोन कोटेशन लावा. चौघांच्या सह्या घ्या, स्पीड पोस्टने आणि ईमेलने दोन्हीकडे पाठवा, उत्तराला १५ दिवस द्या. कंपनी म्हणाली काम करण्याऐवजी पैसे देतो, तर माझं मत आहे की घ्या, फक्त त्यात तळापासूनचं काम बसलं पाहिजे. आपला गवंडी आपल्या डोळ्यांसमोर जे करतो ते त्यांचा सब-काँट्रॅक्टर कधी करणार नाही.

उत्तर आलं नाही तर थांबून राहू नका. फेब्रुवारी ते आत्ता, आठ महिने गेलेच आहेत, आणि भरपाईच्या काही दाव्यांना मुदत एकाच वर्षाची असते, म्हणून पुढचा फेब्रुवारी उजाडू द्यायचा नाही. तुम्ही त्या कंपनीचं इंटरनेट घेतलेलं नसेल तर तुम्ही तिच्या ग्राहक नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता तुमच्यासाठी नाही. तुम्ही शिवाजीनगरला कोर्टात जा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसमध्ये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हे खूप जणींना माहीतच नाही. त्याच कायद्यात सार्वजनिक सेवांसाठी कायमस्वरूपी लोकअदालत आहे, टेलिफोन, वीज, पाणी ह्या सेवा त्यात येतात, कोर्ट फी नाही, आधी समेटाचा प्रयत्न करतात आणि समेट नाही झाला तर निकालही देऊ शकतात. तुमच्या प्रकरणात तिथे अर्ज करायचा का दिवाणी कोर्टात ते तिथला वकील कागद बघून सांगेल. अर्ज तुमच्या नावाने करा, मिस्टरांच्या नावाने नको, कारण मोफत मदत तुम्हाला आहे.

आता ट्रिमिक्स. काकांचा हेतू चांगला आहे, एकदाचं काँक्रीट केलं की कटकट संपेल असं त्यांना वाटतंय. पण पोकळ चरावर काँक्रीट घातलं तर खालची माती बसत राहते आणि वरचा स्लॅब अधांतरी राहतो, मग एक दिवस पाण्याचा टँकर नाहीतर सिमेंटची गाडी आत येते आणि बरोबर चराच्या दोन्ही कडांना सरळ तडा जातो. पेव्हर खचला तर उचलून परत लावता येतो, काँक्रीट तुटलं की फोडायलाच लागतं. आणि गॅस यायचीये, उद्या विजेची केबल बदलायची निघेल, ड्रेनेज जुनं झालंय, ज्या बोळात अजून तीन लाइनी यायच्या आहेत तिथे पेव्हरच बरा. शिवाय काँक्रीटने रस्ता चार-पाच इंच उचलला जातो आणि मग पावसाचं पाणी गेटमधनं अंगणात, हे आपल्या पुण्यात किती बंगल्यांचं झालंय ते आजूबाजूला बघा. तरी कधी काळी केलंच तर आधी जुनं तेवढं खोल काढून लेव्हल तीच ठेवायची, हे लक्षात असू द्या.

काम करताना काय बघायचं ते सांगतो, हा भाग गवंड्याला वाचून दाखवला तरी चालेल. चराच्या रुंदीएवढेच ब्लॉक काढायचे नाहीत, दोन्ही बाजूंना अजून फूटफूटभर काढायचे, म्हणजे खडीचा थर दोन्हीकडच्या जुन्या पक्क्या जमिनीवर टेकतो, नाहीतर कडेलाच परत पायरी पडते. केबलच्या डक्टभोवती, म्हणजे ती ज्या पाइपात असते त्याभोवती, वाळू, वर इशाऱ्याची प्लॅस्टिक पट्टी, म्हणजे पुढच्या खोदणाऱ्याला कळेल. मग मुरूम, सहा इंचाचे थर. वर सहा-आठ इंच खडी आणि कच मिसळून ठोकलेला थर, त्यावर इंच-सव्वा इंच वाळू, मग ब्लॉक. गाड्या जातात तिथे ब्लॉक ८० एमएमचा लागतो, ६० एमएमचा फुटपाथला किंवा अंगणात ठीक आहे, तुमचे ६ वर्षांपूर्वीचे कुठले आहेत ते एक उचलून मोजा. सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून परत एकदा कॉम्पॅक्टर. आणि बोळाच्या कडेचे कर्ब, म्हणजे काठाला उभे लावलेले ठोकळे, सुटे झाले असतील तर ते आधी पक्के करा, कड सुटली की ब्लॉक हळूहळू पसरत जातात.

उताराचं मात्र स्वतः उभं राहून बघा. आधी पाणी कुठून कुठे जात होतं ते चौघांनी आठवा, बहुतेक मेन रोडकडे जात असणार. गवंड्याला पाणसळ लावून बोळाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी लेव्हल दाखवायला सांगा आणि काम संपल्यावर पैसे द्यायच्या आधी वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता. पाणी तुमच्या गेटपाशी थांबलं तर काम झालेलं नाही. फुटलेल्या ब्लॉकच्या जागी नवीन ब्लॉक रंगाने वेगळे दिसतात म्हणून खूप जण हळहळतात, त्याला उपाय आहे, मीटरबॉक्सच्या कोपऱ्यातले नाहीतर भिंतीलगतचे जुने ब्लॉक काढून मधे लावा आणि नवे तिकडे कोपऱ्यात घाला.

हे सगळं गॅसच्या आधी करायचं का नंतर? इंटरनेट कंपनीकडनं लेखी मान्यता आत्ताच घ्या, गळती असेल तर ती आत्ताच काढा, पण गॅसवाले खरंच दोन-तीन महिन्यांत येणार असतील तर पक्कं काम त्यांच्यानंतर करा. फक्त गॅसवाल्यांनी पहिली कुदळ मारायच्या आधी अख्ख्या बोळाचा व्हिडिओ तारखेसह काढून त्यांच्या इंजिनिअरला मेल करा. नाहीतर फायबरवाले म्हणणार गॅसवाल्यांनी खचवलं, गॅसवाले म्हणणार आधीच खचलेलं होतं, आणि तुम्ही मधे.

गॅसला हो म्हणा. सिलिंडरची वाट बघणं, नंबर लावणं, घरात एकटी म्हातारी माणसं असताना तो उचलून लावणं, हे सगळं संपतं. पण एनओसी तुम्ही लिहायची, त्यांचा छापील फॉर्म नुसता सही करून द्यायचा नाही. त्यात लिहा की शक्य तिथे उघडा चर न खोदता मोलिंग नाहीतर एचडीडीने पाइप जमिनीखालून ढकलून न्यायचा, दोन टोकांना खड्डे करून मधला रस्ता तसाच ठेवता येतो, ९० फुटांच्या सरळ बोळात हे विचारायलाच पाहिजे. उघडाच चर लागणार असेल तर काम किती दिवसांत, रोज संध्याकाळी गाडी आणि माणूस जाईल एवढी प्लेट टाकायची का, निघालेले ब्लॉक रचून कुठे ठेवायचे, भरणं कसं करायचं, आणि एक पावसाळा पार होईपर्यंत खचलं तर स्वखर्चाने परत करायचं. ही पावसाळ्याची अट सगळ्यात महत्त्वाची, ती सोडू नका, बाकी एक-दोन अटी सोडाव्या लागल्या तरी चालेल. शक्य असेल तर थोडं डिपॉझिट मागा, पाऊस संपल्यावर परत द्यायच्या बोलीवर. ते नाही म्हणू शकतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

त्यांच्या इंजिनिअरला हेही सांगा की खाली फेब्रुवारीतली फायबर आहे. टेलिकॉम खात्याचं "कॉल बिफोर यू डिग" नावाचं ॲप मार्च २०२३ पासून आहे, खोदणाऱ्याने त्यावर आधी कळवलं की खालच्या लाइनीच्या मालकाला निरोप जातो. तुम्ही आपल्या बाजूने तुमच्या फोटोंवरनं एक साधा हाताने काढलेला नकाशा करून ठेवा, कुठली लाइन कुठल्या भिंतीपासून किती फुटांवर आणि किती खोल. चौघांच्याही घरी एकेक प्रत राहू द्या.

आणि चर उघडा असतानाच एक काम करून घ्या, खर्च फार नाही. बोळाला आडवे दोन ठिकाणी चार इंची पीव्हीसीचे रिकामे पाइप टाकून ठेवा, दोन्ही तोंडांना टोप्या लावा, आत एक नायलॉनची दोरी ओवून ठेवा आणि भिंतीवर रंगाने खूण करा. पुढे कोणाला इंटरनेटची वायर, कोणाला सीसीटीव्हीची, कोणाला गाडीच्या चार्जरची केबल पलीकडे न्यायची असेल तर दोरी ओढली की काम झालं, एक ब्लॉकही उचलायला नको.

ह्या रविवारी चौघांना बसवा, शक्यतो काकांच्याच घरी. प्रॉपर्टी कार्डावर रस्ता कोणाच्या नावावर निघाला आणि काकांच्या एनओसीत काय लिहिलंय ते मला कळवा, त्याप्रमाणे गॅसच्या एनओसीचा मसुदा मी लिहून पाठवतो, तोपर्यंत कोणीही आला तरी चौघांपैकी एकानेही कशावर सही करायची नाही. सासूबाईंना नमस्कार सांगा.